उचलून नको, वाट द्या

ऐतिहासिक वारसास्थळं अपंग व्यक्तींसाठी खुली व्हावीत म्हणून आजपासून सुरू होणाऱ्या चळवळीचा जाहीरनामा

११ जुलै २०२५ रोजी पॅरिसमध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे अकरा महाराष्ट्रातले, बारावा तमिळनाडूतला जिंजी. ती बातमी ऐकून आमचाही ऊर भरून आला. चौथीच्या वर्गात शिवछत्रपतींचा इतिहास आम्हीही वाचला आहे. शिवनेरीवरचा जन्म, प्रतापगडची भेट, रायगडावरचा राज्याभिषेक आमच्याही तोंडपाठ आहे. पण सहलीच्या दिवशी वर्गातली मुलं रांगेनं गडावर गेली आणि आमच्यातली बरीच जण पायथ्याशी उभ्या बसमध्ये ड्रायव्हरकाकांच्या सोबतीला राहिली. काहींच्या दप्तरात सहलीची चिठ्ठीच आली नाही. बाई म्हणाल्या, तुला झेपायचं नाही. बाई वाईट नव्हत्या. त्यांच्यापुढे दुसरा पर्याय कुणी ठेवलाच नव्हता.

आता या किल्ल्यांसाठी आराखडे होतील, निधी येईल, नवे फलक, नवे वाहनतळ, नवी स्वच्छतागृहं उभी राहतील. एकदा दगड बसला की पुढची तीस-चाळीस वर्षं त्याला कुणी हात लावत नाही. म्हणून आराखडा कागदावर आहे तोवरच बोलायला हवं, आणि म्हणून आम्ही आज एकत्र आलो आहोत.

आम्ही म्हणजे व्हीलचेअरवर वावरणारे, कुबड्या आणि कॅलिपर वापरणारे, पांढऱ्या काठीनं वाट काढणारे, कर्णबधिर, सेरेब्रल पाल्सीसोबत वाढलेले, स्वमग्न मुलांचे आईबाप. आमच्यासोबत गिर्यारोहक आहेत, संवर्धनाचं काम करणारे वास्तुविशारद आहेत, गाईड आहेत, इतिहासाचे शिक्षक आहेत. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार अपंग व्यक्तींची नोंद झाली. अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य करणारा कायदा त्यानंतर, २०१६ साली आला. म्हणजे आमची संख्या त्या आकड्याहून मोठीच असणार. पण आम्ही थोडे असतो तरी हीच मागणी केली असती.

रॅम्प झाला तर म्हाताऱ्याकोताऱ्यांची, गरोदर बायांची, कडेवर पोर घेतलेल्या आयांचीही सोय होते, असं आमच्या बाजूनं बोलणारे नेहमी सांगतात. ते खरं आहे आणि त्याचा आम्हाला आनंद आहे. मात्र आमचा हक्क सिद्ध करायला दुसऱ्या कुणाची सोय साक्षीला आणावी लागू नये. आम्ही नागरिक आहोत, एवढं पुरेसं आहे.

उचलणं म्हणजे पोचणं नव्हे

घारापुरीला जायचं ठरवू. गेटवेवरून लाँच सुटते. भरती-ओहोटीनुसार पाणी वरखाली होत राहतं, त्यामुळे धक्क्याच्या ओल्या दगडी पायऱ्यांवरून लाँचच्या काठावर पाय टाकावा लागतो. गर्दी असली तर एका लाँचमधून दुसरीत. व्हीलचेअरवरच्या माणसाला इथे खलाशी उचलतात. बेटावर उतरताना पुन्हा उचलतात. धक्क्यापासून पायथ्यापर्यंत जाणाऱ्या छोट्या गाडीत बसवायला पुन्हा. मग सुमारे १२० पायऱ्या, त्यांच्यासाठी डोली. सहा मीटरांच्या आसपास उंचीची ती त्रिमुखी शिवमूर्ती समोर येईपर्यंत त्या माणसाला परक्या हातांनी निदान चार वेळा काखेत धरलेलं असतं. शिल्पाकडे पाहताना त्याच्या डोक्यात परतीच्या चार वेळा असतात.

खलाशी आणि डोलीवाले मायेनं उचलतात, याबद्दल आमची तक्रार नाही. पण अपंग बाईला विचारा. कोण कुठे धरतं, ओढणी कशी सरकते, आजूबाजूचे लोक मोबाईल काढून कसे उभे राहतात, हे तिला ठाऊक असतं. वर स्वच्छतागृह आहे की नाही याची खात्री नसते, म्हणून ती सकाळपासून पाणी पीत नाही. अखेर ती म्हणते, तुम्ही जाऊन या, मी थांबते खाली. घरचे समजतात, हिला आवडच नाही. अशा किती आवडी आपण मारून टाकल्या, याचा हिशेब कुठल्याही पर्यटन अहवालात येत नाही.

म्हणून आमची घोषणा चार शब्दांची आहे: उचलून नको, वाट द्या.

घारापुरीच्या बाबतीत याचा अर्थ काय? पाण्याबरोबर वरखाली होणारा तरंगता धक्का दोन्ही टोकांना हवा. तो काही दुर्मीळ यंत्र नाही, बंदरांत सगळीकडे वापरतात. लाँचला रुंद, कठडा असलेली फळी हवी. छोट्या गाडीचा एक डबा व्हीलचेअर आत घेणारा हवा. एवढं झालं की चारांतलं तीन वेळचं उचलणं संपलं. उरल्या पायऱ्या. तिथे चढावाच्या कडेनं यांत्रिक सोय करता येईल का, हे अभियंत्यांनी आणि पुरातत्त्व खात्यानं बसून ठरवावं. पण अवघड टोक पुढे करून सोपी तीन टोकंही अडवून ठेवली जातात, ते आम्ही यापुढे मान्य करणार नाही.

डोलीवाल्यांशी आमचं भांडण नाही, हेही स्पष्ट सांगायला हवं. त्यांचे खांदे सोलतात, पाठी मोडतात, पावसाळ्यात धंदा बसतो. सोयी झाल्या तर त्यांचं पोट जाईल या भीतीनं ते आमच्या विरोधात उभे राहावेत, असं आम्हाला नको आहे. व्हीलचेअर ढकलणं, विजेवरच्या गाड्या चालवणं, अंध पाहुण्याला सोबत करणं या कामांवर पहिला हक्क त्यांचा असावा आणि तो पगारी असावा. जिथे डोलीशिवाय खरोखर इलाज नाही तिथे डोली राहील. मात्र तिला पट्टा हवा, पाठीला आधार हवा, दराचा फलक हवा, आणि बसायचं की नाही हे बसणाऱ्यानं ठरवावं.

गडाला वाट असतेच

किल्ले हे मुळात चढायला अवघड असावेत म्हणूनच बांधले, त्यांत सोय कसली शोधता, असं आम्हाला ऐकवलं जातं. शत्रूसाठी अवघड, हे खरं. पण आपल्या माणसासाठी? रायगडाच्या बालेकिल्ल्याला मेणा दरवाजा आहे, पालखी दरवाजा आहे. राजगडाच्या पाली दरवाज्याची वाट गडाच्या इतर वाटांपेक्षा प्रशस्त आहे. येणारा माणूस कसा येईल, चालत, मेण्यातून की पालखीतून, याचा विचार बांधणाऱ्यांनी आधी केला आणि मग दगड रचला. ज्यांचं येणं महत्त्वाचं मानलं गेलं त्यांच्यासाठी वाट झाली. आजही तसंच होतं. १९९६ साली रायगडावर रोपवे झाला आणि सतराशेहून अधिक पायऱ्यांची चढण काही मिनिटांवर आली. २०१८ साली सप्तशृंगी गडावर फ्युनिक्युलर ट्रॉली सुरू झाली. लेण्यांत दिवे आले, तटांना कठडे आले, तिकीटघरं आली, सुरक्षा तपासणीच्या चौकटी आल्या. या बदलांना परवानगी मिळाली, कारण त्यांची गरज मान्य झाली होती. आमची गरज अजून मान्य व्हायची आहे. सगळा प्रश्न तिथे आहे.

रायगडाचंच बघा. रोपवेनं आम्ही वर पोचतो, आणि पाळण्यातून उतरून थोडं पुढे गेलं की पायऱ्या सुरू होतात. वरचा होळीचा माळ, बाजारपेठेच्या मधला रुंद रस्ता ही जागा बरीच मोकळी आणि सपाट आहे. म्हणजे जो कडा खरा अवघड तो ओलांडून झाला आहे, आणि आम्ही अडतो ते शेवटच्या तुकड्यापाशी. रायगडासाठी स्वतंत्र प्राधिकरण आहे, शेकडो कोटींचा आराखडा आहे. रोपवेच्या वरच्या टोकापासून होळीच्या माळापर्यंत चाकानं जाता येईल अशी वाट त्या आराखड्यात पहिल्या पानावर असावी, ही आमची मागणी आहे.

आणि ही स्थळं कुणी एका राजानंच उभी केली असंही नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहात दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. त्यांत धेनुकाकट गावचा एक गंधी आहे, एक सुतार आहे, यवन आहेत. सामान्य माणसांच्या वर्गणीतून ते चैत्यगृह सजलं. आज त्याची देखभाल आपल्या सगळ्यांच्या करातून होते, आणि आम्हीही कर भरतो.

दगडाची काळजी आम्हालाही आहे

संवर्धनाचं काम करणाऱ्यांची भीती आम्हाला समजते, पटते. सिमेंटनं जुन्या चुनेगच्चीचं काय होतं ते आम्ही पाहिलं आहे. १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यानुसार आणि २०१० च्या दुरुस्तीनुसार संरक्षित स्मारकाभोवतीचं १०० मीटरचं क्षेत्र बांधकामाला बंद आहे आणि त्यापुढचं २०० मीटरचं नियंत्रित आहे. हे नियम सैल करा असं आम्ही म्हणत नाही. आम्हाला हवी ती सोय मूळ दगडाला छिद्र न पाडता, त्याच्यावर नुसती टेकवून करता येते आणि उद्या हवी तेव्हा काढून घेता येते. लाकडी किंवा लोखंडी रॅम्प, सुटे होणारे मार्ग, उंबरठ्यावर ठेवायची पाचर, हातांच्या उंचीचा स्वतंत्र उभा कठडा. संवर्धनशास्त्राचाही आग्रह हाच असतो, की आज केलेला बदल उद्या मागे घेता यावा.

२००१ च्या जानेवारीत स्टीफन हॉकिंग भारतात आले. त्यांना दिल्लीतली स्मारकं पाहायची होती. अपंगांच्या हक्कांसाठी लढणारे जावेद अबिदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आवाज उठवला आणि कुतुबमिनार, जंतरमंतर अशा ठिकाणी लाकडी रॅम्प बसले. थोड्या दिवसांत बसले. स्मारकं जागच्या जागी राहिली. इच्छा असेल तर काय होतं हे त्या आठवड्यानं दाखवलं. जगप्रसिद्ध शास्त्रज्ञासाठी जे झालं ते परभणीहून आलेल्या दहावीतल्या पोरीसाठी व्हावं, यासाठी ही चळवळ आहे.

अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिसवर २००४ च्या पॅरालिम्पिकच्या निमित्तानं कड्याला लागून लिफ्ट बसवली गेली, आणि २०२० च्या डिसेंबरात तिच्या जागी नवी आली. त्याच सुमारास वरच्या खडकावर काँक्रीटच्या रुंद वाटा ओतल्या गेल्या आणि त्यावर पुरातत्त्वज्ञांनी कडक टीका केली. समर्थन करताना अपंगांच्या सोयीचं नाव घेतलं गेलं. लिफ्टचं आम्ही स्वागत करतो. काँक्रीटबद्दलची टीका आम्ही गंभीरपणे घेतो. आणि महाराष्ट्रात तसं होऊ नये म्हणून आत्ताच लिहून ठेवतो: आमचं नाव पुढे करून कुणी गडावर डांबरी रस्ता नेऊ नये, हॉटेलं नेऊ नयेत, वाहनतळ नेऊ नये. तसं करणाऱ्याच्या विरोधात पहिली सही आमची असेल.

साल्हेर १५६७ मीटर उंच आहे. साल्हेरच्या माथ्यावर रॅम्प न्या, असं आम्ही म्हणणार नाही. डोंगराला डोंगर राहू द्या. पण साल्हेरच्या पायथ्याच्या गावात गडाचा स्पर्श करता येईल असा उठावाचा नकाशा, वरच्या अवशेषांचं ध्वनिवर्णन, सांकेतिक भाषेतली चित्रफीत आणि वापरता येईल असं स्वच्छतागृह का नसावं? काठीच्या, हातांच्या आधारानं कळसूबाई चढणारे आमच्यातही आहेत. त्यांचं आम्हाला कौतुक आहे. मात्र गड पाहण्यासाठी पराक्रम करून दाखवावा लागणं ही अट आम्हाला मान्य नाही. बाकीच्यांना फक्त तिकीट लागतं.

सुरुवात कुठून करायची याचं उत्तर आमच्याकडे आहे. पन्हाळ्यावर गाडी थेट गडात जाते, गडावर वस्ती आहे, अंबरखान्याच्या प्रचंड कोठारांपर्यंत चाकानं जाण्यात डोंगराचा कसलाही अडथळा नाही. असतील ते उंबरठे, खड्डे आणि दगडगोटे. विजयदुर्गाच्या दरवाज्याजवळ रस्ता येतो. वेरूळला प्रवेशद्वारापासून कैलास लेण्यापर्यंतची जागा जवळजवळ सपाट आहे. या तीन ठिकाणी वर्षभरात काम दिसू शकतं आणि आम्ही तेवढंच मागतो आहोत. सोप्या जागी जे झालं नाही ते अवघड जागी होईल यावर आम्ही विश्वास का ठेवावा?

अजिंठा

अजिंठ्यावर थोडं थांबावं लागेल, कारण तिथे सगळे प्रश्न एकत्र येतात.

फर्दापूर फाट्यावरून बस सोडते तिथून पायऱ्या सुरू होतात. मग वाघूरच्या वळणाबरोबर घोड्याच्या नालाच्या आकारात पसरलेली लेणी, मधे चढउतार. चित्रं असलेल्या लेण्यांत पादत्राणं काढून जावं लागतं, आणि ते योग्यच आहे. पण पोलिओ झालेल्या माणसाचं कॅलिपर बुटाला जोडलेलं असतं. बूट काढला की पाय उभाच राहत नाही. दारातल्या कर्मचाऱ्याला हे कुणी शिकवलेलं नसतं. तो नियम सांगतो, मागची रांग ओरडते, माणूस मागे फिरतो. यावरचा उपाय काही रुपयांचा आहे: बुटावर आणि चाकावर चढवायचं कापडी आवरण. देवळांतही हाच उपाय चालेल, चालायला हवा. व्हीलचेअरची चाकं म्हणजे चप्पल, असं म्हणून आम्हाला गाभाऱ्यापासून दूर ठेवलं जातं. ती चाकं आमचे पाय आहेत.

आत गेल्यावर अंधार. चित्रांना प्रखर उजेड सोसत नाही, म्हणून दिवे मंद ठेवतात. आम्ही ते वाढवा म्हणत नाही. पण अधू दृष्टीच्या माणसाला पहिल्या लेण्यातला पद्मपाणी त्या उजेडात दिसतच नाही, आणि अंध माणसाला तर नुसता गाईडचा आवाज आणि वटवाघळांचा वास. ‘सुंदर चित्र आहे’ एवढं सांगून गाईड पुढे जातो. काय सुंदर आहे? मान कुठे कलली आहे, बोटांत निळं कमळ कसं धरलं आहे, पापण्या किती मिटल्या आहेत, मागे माकडं कुठे बसली आहेत, हे शब्दांत सांगणं ही विद्या आहे आणि ती शिकवता येते. सव्विसाव्या लेण्यातला महापरिनिर्वाणातला बुद्ध सात मीटरांच्या आसपास लांब आहे. त्याची स्पर्शाला योग्य अशी छोटी प्रतिकृती दारापाशी असली, तर पहुडलेल्या बुद्धाच्या उशीवरची घडी अंध मुलाच्या बोटांना कळेल. मूळ शिल्पाला हात लावायची मुभा आम्ही मागत नाही. हात किती झिजवतात ते आम्हाला माहीत आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात २०१५ पासून स्पर्शानं पाहायचं ‘अनुभव’ दालन आहे. महाराष्ट्रातल्या प्रत्येक मोठ्या लेण्यापाशी तसं एक दालन हवं.

आणि प्रतिकृतींचंच बोलायचं, तर जपानच्या कर्जसाहाय्यानं अजिंठ्याच्या पायथ्याशी मोठं अभ्यागत केंद्र उभं राहिलं होतं. १, २, १६ आणि १७ क्रमांकाच्या लेण्यांच्या प्रतिकृती त्यात, सपाट जमिनीवर. आमच्यासारख्यांसाठी ती केवढी गोष्ट होती! ते केंद्र पाणी आणि विजेच्या थकबाकीपायी वर्षानुवर्षं कुलूपबंद राहिलं. लेण्यापर्यंत वाट करणं अवघड होतं हे आम्ही एक वेळ मान्य करू, पण बांधून तयार असलेलं दालन आमच्यासाठी उघडं ठेवणंही जमलं नाही याचं दुःख फार आहे. प्रतिकृती मूळ लेण्याची जागा घेणार नाही, आणि तिच्याकडे बोट दाखवून वरची वाट टाळू दिली जाणार नाही. तरी ती उघडी, चालती आणि आमच्या वापराची हवी.

कर्णबधिर माणसाला पायऱ्यांची अडचण नसते, म्हणून तो सोयींच्या यादीतून गळूनच जातो. गाईडचे ओठ टॉर्चच्या मागे अंधारात असतात. ध्वनिप्रकाश कार्यक्रमात त्याला फक्त प्रकाश मिळतो. भारतीय सांकेतिक भाषेतल्या चित्रफिती प्रत्येक स्थळी हव्यात, मोबाईलवर उघडणाऱ्या हव्यात, आणि त्या कर्णबधिर व्यक्तींनीच सादर केलेल्या हव्यात. चैत्य, विहार, माची, बुरूज, चोरदिंडी यांच्यासाठी नेमक्या खुणा कोणत्या वापरायच्या, हेही त्यांनी आणि इतिहासाच्या अभ्यासकांनी मिळून ठरवावं.

स्वमग्न आणि बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांना गर्दी, प्रतिध्वनी, शिट्ट्या सोसत नाहीत. आठवड्यातून एकदा सकाळचे दोन तास शांततेचे ठेवले, सोप्या मराठीत मोठ्या अक्षरांतला फलक लावला, तर त्यांनाही येता येईल. याला खर्च जवळपास नाहीच.

कायदा आमच्या बाजूनं आहे

आम्ही कृपा मागत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या करारावर भारतानं २००७ साली मान्यतेची मोहोर उमटवली. त्याचं ३० वं कलम सांस्कृतिक जीवनातल्या सहभागाचं आहे आणि त्यात राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांचा, स्थळांचा उल्लेख आहे. जिथवर शक्य असेल तिथवर, असं ते कलम म्हणतं. ती मर्यादा आम्ही लपवत नाही. पण शक्य काय आहे हे शोधायलाच कुणी निघालं नाही, तर त्या शब्दांचा आडोसा घेता येणार नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार सार्वजनिक इमारतीच्या व्याख्येत धार्मिक, सांस्कृतिक आणि मनोरंजनाच्या कामांसाठी लोक वापरतात त्या इमारतीही येतात. २९ वं कलम सांस्कृतिक जीवनात समान सहभागाचा हक्क सांगतं. ४५ वं कलम म्हणतं, की जुन्या सार्वजनिक इमारती नियम जाहीर झाल्यापासून पाच वर्षांत सुगम्य करायच्या. नियम २०१७ च्या जूनमध्ये जाहीर झाले, म्हणजे ती मुदत २०२२ च्या जूनमध्ये संपली. दृष्टिहीन असलेल्या राजीव रतुरी यांनी २००५ साली दाखल केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं ८ नोव्हेंबर २०२४ रोजी निकाल दिला, की सुगम्यतेचे निकष नुसत्या शिफारशी म्हणून ठेवणारा नियम मूळ कायद्याशी विसंगत आहे, आणि बंधनकारक नियम तीन महिन्यांत करा. यापुढे कुठल्याही अधिकाऱ्यानं आम्हाला ‘प्रयत्न करू’ असं उत्तर दिलं, तर आम्ही त्यांच्यापुढे हा निकाल ठेवू.

कागदावरची सोय आणि खरी सोय यांतला फरकही आम्ही सांगत राहू. एक फूट उंची चढायला बारा फूट लांबीचा रॅम्प लागतो. सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्यांसाठी अठरा फूट. जागा नाही म्हणून पाच फुटांत बसवलेला रॅम्प ही घसरगुंडी असते, त्यावरून खुर्ची मागे उलटते. अहवालात मात्र ‘रॅम्प उपलब्ध’ असं लिहिलं जातं. अपंगांसाठीच्या स्वच्छतागृहात झाडू, बादल्या आणि चुन्याची पोती असतात आणि किल्ली सुट्टीवर गेलेल्या माणसाकडे असते. बांधकाम झालं की ते आमच्यातल्या चौघांनी वापरून पाहावं, आणि त्यांच्या सहीशिवाय ठेकेदाराचं शेवटचं बिल निघू नये. ही एक अट मान्य झाली तर निम्म्या अडचणी आपोआप संपतील.

पैशांचं बोलायचं तर स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के अपंगांसाठी खर्च करायचे, असा राज्यात दंडक आहे. गडाच्या पायथ्याची ग्रामपंचायत लहान असते, तिची झोळीही लहान. तिच्यावर सगळा भार नको. पण बसथांब्यापासून पायथ्यापर्यंतची वाट तिनं नीट करावी, पायथ्यापासून पुढचं पुरातत्त्व खात्यानं आणि पर्यटन विभागानं पाहावं, आणि गावातल्या अपंग तरुणांना तिकीटघरात, माहिती केंद्रात काम मिळावं. आमच्यातला एखादा गाईड झाला तर लोकांना गड वेगळाच दिसेल.

आम्ही काय करणार

कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांनी ‘चाकाची खुर्ची’ लिहून आणि आयुष्यभर काम करून आमच्या आधीच्या पिढीला घराबाहेर काढलं. शाळा, वसतिगृह, नोकरी, एसटीतली जागा यांसाठी ती पिढी भांडली. गड-लेणी पाहायची हौस तिनं मागे ठेवली, कारण पोटाचे प्रश्न पुढे होते. ती हौस आता आम्ही पुढे आणतो आहोत. माणसाला भाकरीबरोबर आपला इतिहासही लागतो, आणि तो स्वतःच्या डोळ्यांनी, हातांनी, कानांनी हवा असतो.

येत्या ३ डिसेंबरला, जागतिक अपंग दिनी, आम्ही पन्हाळ्यावर जमणार आहोत. तिथे भाषणं होणार नाहीत. तट, तीन दरवाजा, सज्जा कोठी, अंबरखाना, वाहनतळ, स्वच्छतागृह या सगळ्यांची मापं घेतली जातील. दाराची रुंदी ९० सेंटिमीटर आहे का, उंबरठा किती उंच, चढ किती, फलकाची अक्षरं किती अंतरावरून वाचता येतात, काठीला कडा लागते का. प्रत्येक मापाशेजारी काय करता येईल आणि मूळ बांधकामाला धक्का न लावता कसं करता येईल, हे सोबतचे वास्तुविशारद लिहितील. तो अहवाल पुरातत्त्व खात्याला, जिल्हाधिकाऱ्यांना आणि पन्हाळ्याच्या नगरपरिषदेला देऊ. तीन महिने वाट पाहू. उत्तर आलं नाही तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे कायद्यानुसार तक्रार दाखल करू, आणि पुढच्या महिन्यात विजयदुर्गावर जाऊ. त्यानंतर वेरूळ, रायगड, अजिंठा, घारापुरी.

सामील व्हायला वर्गणी नाही, अर्ज नाही. अपंग असायलाच हवं असंही नाही. मात्र निर्णय घेणाऱ्या समितीत बहुमत अपंगांचं राहील, आणि त्यात स्त्रिया निम्म्याहून कमी नसतील. शिक्षकांना आमची खास विनंती आहे: यंदाची सहल ठरवताना वर्गातल्या एकाही मुलाला मागे ठेवू नका. जिथे ते मूल जाऊ शकत नाही ती जागा यंदा रद्द करा, आणि का रद्द केली ते त्या स्थळाच्या व्यवस्थापनाला शाळेच्या शिक्क्यानिशी पत्रानं कळवा. अशी शंभर पत्रं एका टेबलावर पडली की आराखड्यात जागा होते.

पन्हाळ्याला येताना मोजपट्टी, वही आणि पाण्याची बाटली आणा. चाकांची आणि बुटांची कापडी आवरणं आम्ही शिवून घेतो आहोत.